चुकणाऱ्या यंत्राची अचूक नक्कल

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाला तुम्ही ४४० ही संख्या दिलीत तर तो ती ४४०च धरून ठेवतो. उन्हाळा असो की पावसाळा, त्याचे ४४० कधी ४३९ होत नाहीत. दर सेकंदाला ४४० कंपने असलेला स्वर त्याच्याकडून काढून घेणे हे अगदी सोपे काम आहे. असे असताना, संगणकावर वाजणाऱ्या एका वाद्यात त्याच्या कर्त्याने मुद्दाम अशी योजना केली आहे की स्वर किंचित इकडेतिकडे व्हावा, आणि आठ स्वर एकदम वाजवले तर आठही जण जरा वेगवेगळे वागावेत. त्या वाद्याचे नाव 'ओबी-एक्सडी'. ते फुकट मिळते. आणि ही त्याची चुकण्याची सोय म्हणजे खोड नव्हे, तर त्याचा मोठा गुण समजला जातो!

असे का असावे, हे आज आपण पाहू या. पण केवळ गंमत म्हणून नव्हे. या प्रश्नाच्या उत्तरातून तुमच्या प्रयोगवहीबद्दल मला काही सांगायचे आहे, आणि ते तुमच्या शिक्षकांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मूळ यंत्र कसे होते?

ओबी-एक्सडी हा संगणकाचा एक कार्यक्रम आहे. ध्वनिमुद्रणाच्या एखाद्या मोठ्या कार्यक्रमाला तो जोडून वापरतात, म्हणून अशा कार्यक्रमाला 'प्लगइन' म्हणतात. तो ज्याची नक्कल करतो ते यंत्र मात्र खरेखुरे, लाकडाचे आणि धातूचे होते. त्याचे नाव 'ओबी-एक्स'. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये टॉम ओबरहाइम यांच्या कंपनीने ते १९७९ साली बाजारात आणले. ओबरहाइम यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला होता, हे तुम्हांला मुद्दाम सांगतो.

हे यंत्र म्हणजे सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या साहाय्याने स्वर 'बांधणारे' वाद्य. पेटीत प्रत्येक पट्टीसाठी वेगळी पितळी जिभळी असते. सिंथेसायझरमध्ये तसे नसते. त्यात आंदोलक नावाचे विद्युत्‌मंडल असते. ते विद्युत्‌दाब भराभर वरखाली करते. दाब सावकाश चढून एकदम खाली कोसळला, की आलेखावर करवतीच्या दात्यांसारखी आकृती उमटते. या करवती लहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सर्व पटींचे स्वर असतात. दुप्पट स्वराचा आयाम मूळ स्वराच्या निम्मा, तिप्पट स्वराचा एक तृतीयांश, अशी ती उतरंड असते. म्हणून ही लहर कानाला भरघोस आणि काहीशी कर्कश लागते.

मग येते गाळणी. ती उंच स्वर अडवते आणि खालचे जाऊ देते. कोठपर्यंतचे स्वर जाऊ द्यायचे, हे एका खुंटीने ठरवता येते. शेवटी एक मंडल स्वराचा चढउतार ठरवते: तो एकदम उसळावा की हळूहळू यावा, पट्टी सोडताच थांबावा की रेंगाळावा. आंदोलक, गाळणी आणि चढउतार या तीन गोष्टी जुळवल्या की कधी बासरीची, कधी व्हायोलिनची आठवण करून देणारे, तर कधी कोणत्याच वाद्यात न सापडणारे आवाज निघतात.

१९७० साली आलेला 'मिनीमूग' हा प्रसिद्ध सिंथेसायझर एका वेळी एकच स्वर काढू शके. त्याला एकच गळा होता म्हणा ना! पुढे अनेक गळ्यांची यंत्रे आली. ओबी-एक्स चार, सहा किंवा आठ गळ्यांचे मिळत असे. प्रत्येक गळ्यासाठी एक स्वतंत्र कार्ड, त्यावर दोन आंदोलक आणि एक गाळणी. आठ पट्ट्या एकदम दाबल्या की आठ कार्डे एकदम गाऊ लागत. आपल्याकडेही असे एक यंत्र लवकरच पोहोचले होते. चरणजित सिंग या संगीतकारांनी १९८२ साली मुंबईत दहा रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यात त्यांनी वापरलेला 'ज्युपिटर-८' हा जपानी सिंथेसायझर आठ गळ्यांचाच होता.

आठ गळे, आठ स्वभाव

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आठही कार्डे एकाच आराखड्यावरून बनवलेली. मग ती तंतोतंत सारखी असायला हवीत, होय ना?

तुमच्या प्रयोगशाळेतला एखादा रोधक हातात घ्या. त्यावर शेवटी सोनेरी पट्टा असेल तर त्याचा अर्थ असा की दर्शविलेल्या मूल्यापेक्षा तो ५ टक्के कमी किंवा जास्त असू शकतो. १,००० ओहमचा म्हणून घेतलेला रोधक ९५० ते १,०५० यांमध्ये कोठेही असेल. यापेक्षा चांगले रोधक मिळतात, पण शून्य टक्के त्रुटीचा रोधक कोणत्याही दुकानात मिळत नाही. अशा शेकडो भागांनी बनलेली दोन कार्डे हुबेहूब सारखी असणे शक्यच नाही.

दुसरे कारण तापमान. बहुतेक सिंथेसायझरांत असा संकेत असतो, की विद्युत्‌दाब १ व्होल्टने वाढवला की स्वर एक सप्तक वर जावा, म्हणजे त्याची कंप्रता दुप्पट व्हावी. दाबात सारखी वाढ आणि कंप्रता मात्र दरवेळी दुप्पट, हे काम ट्रान्झिस्टर करतो. त्याच्या दोन टोकांमधला दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढला की त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट होतो. म्हणून १ व्होल्टचे आधी १८ मिलिव्होल्ट करून घेतात आणि ते ट्रान्झिस्टरला देतात. पण हे १८ मिलिव्होल्ट निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतात. खोलीचे तापमान सुमारे ३०० केल्व्हिन धरले, तर एका अंशाने त्यात तीनशेवा हिस्सा फरक पडतो.

तीनशेवा हिस्सा म्हणजे काहीच नाही, असे तुम्हांला वाटेल. तर गणित करून पाहा. २२० च्या स्वरावरून एक सप्तक वर जायचे आहे, ४४० हवे. यंत्र एक अंशाने तापले आणि त्यावर काही उपाय केलेला नसला, तर पूर्ण सप्तकाऐवजी ३०० पैकी २९९ भागच चढ होईल. उत्तर येते सुमारे ४३९. शेजारचे कार्ड थंड असेल तर ते ४४० वर गाईल. हे दोन स्वर एकत्र झाले की दर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. यालाच आपण 'बीट्स' म्हणजे ठोके म्हणतो. एका अंशाचा फरक असा सरळ कानाला ऐकू येतो!

यंत्रे बनवणारे अर्थातच स्वस्थ बसले नाहीत. तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.३ टक्क्यांनी वाढणारे खास रोधक त्यांनी मंडलात घातले, म्हणजे एका बदलाने दुसरा बदल बराचसा खोडला जाई. ओबी-एक्सवर तर आंदोलक आपोआप सुरात आणणारे एक बटणच होते. तरीही बारीकसा फरक उरत असे. आणि गंमत अशी, की ऐकणाऱ्यांना तोच आवडला. शाळेची प्रार्थना आठवा. एकटा मुलगा कितीही सुरेल गायला तरी शंभर मुलांच्या आवाजाचा भरदारपणा त्याला येत नाही. शंभरांचे स्वर तंतोतंत एक नसतात, ते एकाच क्षणी सुरू होत नाहीत, म्हणून तर तो आवाज रुंद, जिवंत वाटतो. ओबी-एक्सचे आठ गळे एकत्र वाजत तेव्हा असेच घडे.

संगणकाची अडचण

पुढे संगणक वेगवान झाले आणि खऱ्या मंडलांच्या ऐवजी गणित करून तसाच आवाज काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. अशा वाद्यांना 'व्हर्च्युअल अॅनालॉग' म्हणू लागले. आता तुम्हीच सांगा, करवती लहर काढायला संगणकाला काय अवघड आहे? एक संख्या हळूहळू वाढवत न्यायची आणि ठरावीक जागी एकदम खाली आणायची. इतके केले की झाले!

पण तसे होत नाही. संगणक लहर अखंड काढत नाही. तो एका सेकंदात, उदाहरणार्थ, ४४,१०० ठिपके काढतो. या ठिपक्यांत निम्म्या म्हणजे २२,०५० पर्यंतच्या कंप्रता मावतात. त्यापुढची कंप्रता आली तर ती नाहीशी होत नाही. ती वेष पालटून खाली येते. सिनेमात वेगाने पुढे जाणाऱ्या गाडीचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते, तसाच हा प्रकार आहे.

समजा, आपण ४,००० कंपनांचा करवती स्वर काढला. त्याचे पटीचे स्वर ८,०००, १२,०००, १६,०००, २०,००० येथपर्यंत ठीक. दहावा पडतो ४०,००० वर. तो ४४,१०० मधून वजा होऊन ४,१०० वर ऐकू येतो, मूळ स्वराच्या अगदी शेजारी, बेसूर. अकरावा पडतो ४४,००० वर. तो चक्क १०० कंपनांचा खालचा घुमारा होऊन बसतो. वर शिटीसारखा स्वर आणि खाली कुठूनसा घुमारा! खऱ्या यंत्रात याचा मागमूसही नसतो. म्हणून कार्यक्रम लिहिणाऱ्यांना करवतीच्या दात्याची तीक्ष्ण धार गणिताने हिशेबशीर गोल करावी लागते, म्हणजे हे उपरे स्वर दबतात.

आता पाहा, या कामात दोन प्रकारच्या त्रुटी आल्या. एक खऱ्या यंत्राची, रोधक आणि तापमान यांच्यामुळे येणारी. ती हवी आहे. दुसरी आपल्या पद्धतीमुळे घुसलेली. ती नको आहे. दुसरी काढून टाकायची आणि पहिली घालायची. दोन्ही त्रुटी वेगवेगळ्या ओळखता आल्याखेरीज, त्या किती आणि कोठून येतात हे मोजल्याखेरीज हे काम होणेच शक्य नाही. यंत्र बरोबर कसे चालते हे आराखड्यावरून कळते. ते चुकते कसे, हे मात्र मोजूनच कळते. चांगली नक्कल करायची तर दोन्ही लागतात.

ओबी-एक्सडीमध्ये प्रत्येक गळ्याला एक लहानशी यादृच्छिक संख्या, म्हणजे फासे टाकून मिळावी तशी संख्या, वाटून दिलेली असते. तिच्यामुळे एका गळ्याची गाळणी जरा जास्त उघडते, दुसऱ्याचा चढ जरा लवकर संपतो. हा फरक किती असावा, हे ठरवणाऱ्या खुंट्या वाद्याच्या दर्शनी भागावर सर्वांना दिसतील अशा बसवल्या आहेत. आणि हे कसे केले आहे, ते तुम्हांला पाहता येते. कारण या कार्यक्रमाचा मूळ मजकूर खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्यात आला आहे. ज्याला संगणकाची भाषा वाचता येते, त्याने तो वाचावा, बदलावा. 'फुकट' या शब्दाचा हा दुसरा अर्थ मला पैशांपेक्षा मोलाचा वाटतो.

आता प्रयोगवहीकडे

दरवर्षी शाळांमधून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या मी पाहतो. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. लंबकाची लांबी १ मीटर, २० आंदोलनांना लागणारा वेळ पाच वेळा मोजायचा. वहीत पाचही वेळा ४०.१ सेकंद! शेवटी गुरुत्वत्वरण ९.८. सुबक अक्षर, खाली लाल शाईने 'छान'.

आता आपण हिशेब करू. थांबघड्याळ दाबताना माणसाचा हात सहज ०.२ सेकंद मागेपुढे होतो. ४० सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरातली त्रुटी होते एक टक्का, म्हणजे सुमारे ०.१. तेव्हा खरोखर केलेल्या प्रयोगात ३९.९, ४०.२, ४०.०, ४०.३, ४०.१ अशी वाचने यायला हवीत आणि उत्तर ९.७ किंवा ९.९ आले तरी त्यात बिघडले काही नाही. पाचही वाचने सारखी असणे हे अचूकपणाचे लक्षण नसून, बहुधा प्रयोग नीट झालाच नसल्याचे लक्षण आहे.

यात मी मुलांना दोष देत नाही. उत्तर पुस्तकाशी जुळले तर गुण आणि न जुळले तर 'पुन्हा करा', असा आपला रिवाज असेल तर मुले दुसरे काय करतील? पण त्यामुळे होते काय, की विज्ञानातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट, म्हणजे 'हा फरक का पडला?' हा प्रश्न, आपण मुलांना पुसून टाकायला शिकवतो. ज्या फरकाचा पाठलाग करून कार्यक्रम लिहिणाऱ्याने एक यंत्र पुन्हा जिवंत केले, तो फरक आपल्या वहीत खोडरबराखाली जातो.

यावर एखादा शिक्षक म्हणेल, 'चुकांना असे गौरवले तर मुले निष्काळजी होतील.' मला तसे वाटत नाही. ओबी-एक्सवर सुरात आणणारे बटण होते, हे विसरू नका. चूक किती आहे हे ज्याला ठाऊक असते, तोच ती कमी करू शकतो. तापमानाने पडणारा फरक मोजला, म्हणूनच ०.३ टक्क्यांचा तो खास रोधक कोठे घालायचा हे कळले. निष्काळजीपणा वाढतो तो चूक लपवल्याने.

आणि एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, 'सर, मग मीही वहीत फासे टाकून थोडे वेगवेगळे आकडे लिहितो!' मित्रा, येथेच तर फरक आहे. ओबी-एक्सडीची खुंटी लपून काम करीत नाही. तिच्यावर तिचे नाव लिहिलेले आहे, ती शून्यावर आणता येते, आणि वाद्य स्वतःला नक्कल म्हणवूनच वावरते. बनावट वाचन मात्र मोजमापाचा आव आणते. पहिली नक्कल आहे, दुसरे खोटे आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

शिक्षक मित्रांना माझी सूचना अशी. शाळेत एक बऱ्यापैकी संगणक आणि ध्वनिवर्धक असेल तर हे वाद्य त्यावर बसवा. ज्याला ते जोडायचे असा ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रमही फुकट मिळू शकतो. दोन्ही आंदोलकांना करवती लहर द्या आणि दोन्ही एकाच स्वरावर आणा. गाळणी बरीच बंद करा, म्हणजे मूळ स्वर ठळक ऐकू येईल. मग दुसरा आंदोलक किंचित हलवा. ठोके ऐकू येऊ लागतील. दहा सेकंदांत किती ठोके पडले ते मुलांना मोजू द्या. त्यावरून दोन कंप्रतांमधला फरक काढा. नंतर तीच पट्टी एक सप्तक वर वाजवा. ऐकण्यापूर्वीच मुलांना विचारा, ठोके तेवढेच राहतील, कमी होतील की दुप्पट होतील? का? उत्तर मी येथे देत नाही. फक्त एवढे सांगतो की खुंटी दोन कंप्रतांचे गुणोत्तर ठरवते, वजाबाकी नव्हे.

त्यानंतर गळ्यांमधला फरक ठरवणाऱ्या खुंट्या शून्यावर ठेवून एकच पट्टी आठ वेळा दाबा, आणि मग खुंट्या पुढे करून पुन्हा आठ वेळा दाबा. पहिल्या खेपेला आठ ठोकळे ऐकू येतील, दुसऱ्या खेपेला आठ गळे.

मात्र सर्व मुलांनी ठोके मोजल्यावर त्यांचे आकडे फळ्यावर जसेच्या तसे लिहा. कोणी २१ सांगेल, कोणी २३. कोणाचाही आकडा दुरुस्त करू नका. हे आकडे किती पसरले आहेत आणि का, यावर पाच मिनिटे बोला, आणि गुण द्यायचे असतील तर त्या पाच मिनिटांना द्या. प्रयोगवहीत 'उत्तर' या ओळीखाली आणखी एक ओळ छापा: 'वाचनांतील फरक व त्याची कारणे'. यासाठी पैसे लागत नाहीत, नवीन उपकरणही लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मात्र शिक्षकांची वाट पाहत बसू नका. पुढच्या प्रयोगाच्या दिवशी वाचने घ्याल तेव्हा जे दिसेल तेच लिहा, आणि पाच वाचनांत एक वाचन हट्टाने वेगळे आले, तर ते खोडण्याआधी त्याच्याकडे जरा वेळ पाहा. खोली तापली होती का? दोरा लांबला का? घड्याळ उशिरा दाबले का? यांतले एखादे कारण पक्के सापडले, तर त्या दिवशीचा तुमचा प्रयोग ९.८ आणणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा चांगला झाला असे समजा.